वळसंगची म्हैस आणि फताटेवाडीची चिमणी

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग हे गाव लागते. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर या गावी आले होते आणि दलितांच्या विहिरीचे पाणी प्याले होते. ती विहीर गाव आजही आलेल्या पाहुण्याला दाखवते. पाणी कोणाचे, हा प्रश्न त्या विहिरीने एका काळी विचारला. आज त्याच शिवारात हवा कोणाची, हा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. फरक इतकाच की तो विचारणारे गावाबाहेरचे आहेत आणि उत्तरही त्यांनी आपल्या सोयीचे तयार करूनच आणले आहे. गुरांच्या रवंथातून मिथेन वायू सुटतो, युरियातून नायट्रस ऑक्साईड सुटतो, पाचट पेटवले की धूर होतो; तेव्हा देशाची आर्थिक वाढ आणि पृथ्वीचे तापमान या दोहोंचा मेळ घालायचा असेल तर शेतकऱ्याने आपली रीत बदलली पाहिजे, असे ते उत्तर आहे. ते अर्धे खरे आहे. अर्धे खरे असल्यामुळेच त्याचा नीट समाचार घेणे आवश्यक आहे.

वळसंग ज्या दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात फताटेवाडीला राष्ट्रीय औष्णिक ऊर्जा महामंडळाचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे. त्याचा पहिला संच २०१७ साली व दुसरा २०१९ साली सुरू झाला. कोळसा दूरच्या खाणींतून रेल्वेने येतो, पाणी उजनीतून नळाने येते. हा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला १३ लाख २० हजार युनिट वीज निर्माण होते, आणि कोळशाच्या विजेमागे युनिटला सुमारे ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साईड पडतो असे धरले, तर त्याच्या चिमण्यांतून एका तासात जवळजवळ १२०० टन कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो. आता म्हशीचा हिशोब करू. आंतरराष्ट्रीय गणनेत एका म्हशीचा वर्षाचा मिथेन ढोबळ मानाने ५५ किलो धरत आले आहेत. शंभर वर्षांच्या मापाने मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २८ पट; म्हणजे एक म्हैस वर्षाकाठी दीड टनाच्या थोडी वर भरते. फताटेवाडीच्या चिमण्यांचा एक तास म्हणजे पावणेआठशे म्हशींचे एक वर्ष. संच नेहमी पूर्ण भाराने चालत नाहीत, हे मान्य. पण मग म्हशीही सगळ्याच वेताला आलेल्या नसतात.

ही तुलना वीज नको असे सुचवण्यासाठी केलेली नाही. वळसंगच्या घरातला दिवा आणि सोलापूरचा यंत्रमाग वीजेवरच चालतो. प्रश्न क्रमाचा आहे. ज्या वायूची मोजदाद एका वहीत होते, त्या वहीत कोणाचे नाव आधी लिहिले जाते आणि उपदेश कोणाला आधी केला जातो, हा तो प्रश्न होय.

भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारान्वये सादर केलेले आकडे या बाबतीत फार बोलके आहेत. १९९४ सालच्या गणनेत देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा २८ टक्के होता आणि प्रत्यक्ष आकडा सुमारे ३४४ दशलक्ष टनांचा होता. २०१६ च्या गणनेत तो वाटा १४.४ टक्क्यांवर आला आणि आकडा सुमारे ४०८ दशलक्ष टन झाला. २०२० च्या गणनेत वाटा १३.७२ टक्के आहे. १९९४ ते २०१६ या बावीस वर्षांत देशाचे राष्ट्रीय उत्पन्न कित्येक पटींनी वाढले. शेतीचे उत्सर्जन वाढले ते विसाच्या आत टक्क्यांनी. याच सुमारास दुधाचे उत्पादन सुमारे ६४ दशलक्ष टनांवरून १६५ दशलक्ष टनांपर्यंत गेले. म्हणजे लिटरमागे पडणारा मिथेन निम्म्याहूनही खाली आला असला पाहिजे. आर्थिक वाढ झाली की शेतीचे उत्सर्जन त्याच वेगाने वाढते, हे विधान निदान आपल्या देशापुरते या आकड्यांसमोर टिकत नाही.

२०२० साली तर एक क्रूर प्रयोगच आपोआप घडला. टाळेबंदीमुळे कारखाने थांबले, गाड्या थांबल्या, आणि देशाचे उत्सर्जन आदल्या वर्षापेक्षा ७.९३ टक्क्यांनी घटले. अर्थव्यवस्था आकुंचन पावली. शेती मात्र थांबली नाही. उलट त्या वर्षी ठळकपणे वाढलेले क्षेत्र तेच होते. गोठ्यातल्या गुरांना टाळेबंदीचा आदेश लागू होत नाही. शेतीचे उत्सर्जन हे बाजाराच्या तेजीमंदीला बांधलेले नाही. ते पोटाला बांधलेले आहे. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रातर्फे जी पुस्तिका काढली, तिचे मुख्य प्रतिपादन हेच होते की जगण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एका तराजूत घालता येत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तराजू बदललेला नाही.

येथवरचे विवेचन ऐकून कार्यकर्त्याला समाधान वाटेल, आणि नेमके येथेच थांबणे धोक्याचे आहे. कारण वर दिलेल्या आकड्यांत एक फसवणूक दडलेली आहे, आणि ती शत्रुपक्षाची नसून रकान्यांची आहे. सरकारी गणनेत 'शेती' या रकान्यात गुरांचा मिथेन येतो, भाताच्या खाचरांचा येतो, जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साईड येतो, शेतात जाळलेल्या काडीकचऱ्याचा धूर येतो. पण विहिरीवरच्या पंपाला लागणारी वीज 'ऊर्जा' या रकान्यात जाते. बैल गेला आणि ट्रॅक्टर आला, तेव्हा बैलाचे उत्सर्जन शेतीतून कमी झाले आणि ट्रॅक्टरच्या डिझेलचे ऊर्जेत जमा झाले. युरिया कारखान्यात तयार होताना जळणारा नैसर्गिक वायूही शेतीच्या नावावर पडत नाही. शेतीचा आकडा स्थिर दिसतो त्याचे एक कारण असे की शेती हळूहळू आपले उत्सर्जन शेजारच्या रकान्यात नेऊन ठेवत आली आहे. जमाखर्च लिहिणाऱ्या कोणाही कारकुनाला ही युक्ती ठाऊक असते.

एक साधा हिशोब पाहावा. पाच अश्वशक्तीचा पंप रोज आठ तास, वर्षातले दीडशे दिवस चालला तर सुमारे साडेचार हजार युनिट वीज लागते. देशाच्या एकूण वीजजाळ्याची सरासरी धरली तरी त्याचे सव्वातीन टन कार्बन डायऑक्साईड होतात; म्हणजे दोन म्हशींहून थोडे अधिक. युरियाचेही तसेच. ४५ किलोच्या एका गोणीत २० किलोंहून थोडे जास्त नत्र असते. त्यातले शंभरात एक या प्रमाणात नायट्रस ऑक्साईडच्या रूपाने हवेत जाते, असे सर्वसाधारण माप आहे. आणि हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २६५ पट प्रखर. त्यात युरियात मुळातच असलेल्या कार्बनची भर घातली की एका गोणीमागे शेतातच १२० किलोंच्या आसपास भार पडतो, कारखान्यातला निराळाच.

सोलापूर जिल्ह्यात हा पंप आणि ही गोणी कोणत्या पिकाच्या मागे उभी आहे, हे कोणी सांगायला नको. सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा जिल्हा. याच जिल्ह्यात महाराष्ट्रातले सर्वांत जास्त साखर कारखाने आहेत. त्यांची संख्या तिसाच्या पुढे गेली आहे. १९८० साली उजनी धरण पुरे झाले तेव्हा ते दुष्काळी भागाची तहान भागवील अशी आशा होती. आठमाही पाण्याचे तत्त्व कागदावर राहिले आणि बारमाही ऊस शिवारात आला. राज्यातील सुमारे चार टक्के लागवडीखालील जमीन उसाखाली आणि सिंचनाच्या पाण्याचा ७० टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा उसाला, हे प्रमाण केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने नोंदवलेले आहे. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, आडसालीला ४०० किलोंची. खोल काळ्या जमिनीतल्या कोरडवाहू रब्बी ज्वारीला त्याचा चौथा हिस्सादेखील लागत नाही.

या ज्वारीबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण विकास आणि उत्सर्जन यांच्या चर्चेत तिचे नावच कोणी घेत नाही. सप्टेंबरातला पाऊस खोल काळ्या मातीत मुरतो, त्या ओलीवर ज्वारी पेरली जाते आणि थंडीच्या दिवसांत, बहुधा एकही पाणी न देता, ती पोसते. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात जवळजवळ नव्वद वर्षे या भूमीवर टिकून आहे. इतके दीर्घायुष्य फार थोड्या सुधारित वाणांच्या वाट्याला आले असेल. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ साली सुरू झाले. म्हणजे कमी पाण्यात, कमी खतात शेती कशी करावी हे ज्ञान या जिल्ह्याला परदेशातून आणावयाचे नव्हते. ते येथेच तयार झाले होते. ज्वारीचे दाणे माणसाला, कडबा जनावराला, धसकटे जमिनीला. पंप नाही, म्हणून पंपाचा कार्बनही नाही.

आणि तरीही ज्वारीचे क्षेत्र आटत गेले. याचे कारण शेतकऱ्याच्या अज्ञानात नाही. ते त्याच्या चोख व्यवहारज्ञानात आहे. २०२५-२६ साठी उसाची रास्त व किफायतशीर किंमत १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३५५० रुपये ठरली, आणि ती द्यायला कारखाना कायद्याने बांधलेला आहे. बिले थकतात, आंदोलने करावी लागतात, पण गिऱ्हाईक ठरलेले आहे. मालदांडी ज्वारीचा हमीभाव त्याच वर्षी क्विंटलला ३७४९ रुपये जाहीर झाला. पण जाहीर झालेला भाव आणि आडत्याच्या कट्ट्यावर मिळालेला भाव यांच्यामध्ये सरकारी खरेदी उभी असावी लागते, आणि ज्वारीच्या बाबतीत ती अभावानेच उभी असते. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. समारंभ झाले, गोदामे मात्र उघडली नाहीत.

राष्ट्रीय उत्पन्नाची मापनपद्धती या अन्यायाला साक्षीदार नव्हे तर साथीदार आहे. उसाचा टन, त्याची साखर, साखरेची वाहतूक, मळीचे मद्यार्क, पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल, या प्रत्येक पायरीवर मूल्यवृद्धी नोंदली जाते आणि जिल्ह्याची वाढ झाली असे म्हटले जाते. उपसलेल्या पाण्याची वजाबाकी कोठेही होत नाही, चोपण झालेल्या जमिनीची होत नाही. घरच्या कणगीत गेलेल्या ज्वारीची किंमत आकडेमोडीत धरतात खरी, पण तिच्यामागे ना कारखाना उभा राहतो, ना कर्ज, ना अग्रलेख. इथेनॉलच्या बाबतीत तर गंमत अशी की तेलाऐवजी ते जाळले म्हणून कार्बन वाचला असे श्रेय घेतले जाते. ज्या उसापासून ते निघाले त्याला उजनीचे पाणी चढवायला लागलेली कोळशाची वीज त्या श्रेयातून सहसा वजा होत नाही.

आधी श्रीमंत व्हा, मग स्वच्छ व्हा, असा एक सिद्धांत अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो. सायमन कुझनेट्स यांनी १९५५ साली विषमतेसंबंधी एक वक्ररेषा मांडली: विकासाच्या आरंभी विषमता वाढते, पुढे ती घटते. १९९० नंतर ग्रॉसमन आणि क्रूगर यांच्या अभ्यासानंतर तीच रेषा प्रदूषणाला लावण्यात आली. मूळ निबंधाच्या शेवटी कुझनेट्स यांनी आपल्या प्रतिपादनात माहिती पाच टक्के आणि तर्क पंच्याण्णव टक्के आहे अशी प्रांजळ कबुली दिली होती. त्यांच्या नावाने रेषा ओढणाऱ्यांनी ती कबुली सोयीस्करपणे वगळली. ग्रॉसमन आणि क्रूगर यांनीही सुधारणा आपोआप होते असे म्हटलेले नाही. शहरातला धूर कमी होतो तो पुष्कळदा कायद्याने आणि नागरिकांच्या दडपणाने. उत्पन्न वाढले म्हणून नव्हे. आणि कार्बनसारख्या वायूच्या बाबतीत तर दडपण आणणाऱ्याला त्रास येथे आणि लाभ दूर कोठे तरी, अशी स्थिती असते. श्रीमंत देशांची शेती या रेषेवरून खाली उतरली आहे काय? डेन्मार्कने २०२४ साली गुरांच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर बसवण्याचे ठरवले. न्यूझीलंडने तशाच स्वरूपाची योजना त्याच वर्षी मागे घेतली. माणसांपेक्षा पाळीव जनावरे अधिक असलेल्या आणि दूध-मांस निर्यात करणाऱ्या देशांची ही कथा. तिथला शेतकरी आणि दोन म्हशींवर मुलीचे शिक्षण करणारी वळसंगची बाई यांना एकच 'पशुपालक' म्हणणे म्हणजे शब्दाने वस्तुस्थिती झाकणे होय. २०२१ साली ग्लासगोला मिथेन घटवण्याचा जागतिक संकल्प झाला, त्यावर भारताने सही केली नाही. सरकारच्या पुष्कळ निर्णयांवर टीका करावी लागते. हा निर्णय योग्य होता.

सध्या गावोगाव जी नवी हवा वाहू लागली आहे ती कार्बन क्रेडिटची. केंद्र सरकारने २०२३ साली कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीतील स्वेच्छा कार्बन बाजारासाठी एक आराखडा प्रसिद्ध केला. कल्पना वरकरणी आकर्षक आहे. शेतकऱ्याने नांगरट कमी करावी, पाचट न जाळता कुजवावे, झाडे लावावीत. जमिनीत जो कार्बन साठेल त्याची टनावर मोजणी व्हावी. ते टन एखाद्या कंपनीने विकत घ्यावेत आणि तेवढे उत्सर्जन आपल्या नावावरून वजा करावे. शेतकऱ्याला चार पैसे, कंपनीला पुण्य.

एकरी वर्षाला अर्धा टन कार्बन डायऑक्साईड मातीत जिरला असे उदारपणे धरले, तर २४०० एकरांची वर्षभराची मेहनत फताटेवाडीच्या चिमण्या पूर्ण भाराच्या एका तासात हवेत उधळून देतात. आणि मातीतला कार्बन बँकेतल्या ठेवीसारखा नसतो. एक दुष्काळ, एक खोल नांगरट, आणि तो परत हवेत. शिवाय या व्यवहारात 'अतिरिक्तता' नावाची एक अट असते: योजनेमुळे जे नव्याने घडले त्याचेच पैसे. तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. ज्याने वीस वर्षे पाचट जाळले आणि आता थांबवले, त्याला क्रेडिट. ज्याने आयुष्यभर कोरडवाहू ज्वारी-तूर केली, शेणखत घातले, पंप कधी बसवलाच नाही, त्याने नवीन काही केले नाही; त्याला शून्य. बटाईने शेती करणाऱ्याचे नाव सात-बारावर नसते, म्हणून करारावरही नसेल. शेळ्या राखणाऱ्या भूमिहीन बाईचे तर कोठेच नसेल. पडीक जमिनीवर कार्बनसाठी झाडे लागली की तिच्या शेळ्यांना मात्र तेथे मज्जाव होईल.

डाव्या चळवळीने या प्रश्नाकडे पाहताना आपल्याही काही सवयी तपासल्या पाहिजेत. शेतकऱ्याची वीज फुकट आणि खत स्वस्त असले की शेतकऱ्याचे हित झाले, असे मानण्याची सवय त्यांपैकी एक. एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांना वीजबिल माफ केले. २०१५-१६ च्या कृषिगणनेत राज्यातल्या वहितीदारांची संख्या दीड कोटीच्या वर होती. म्हणजे तिघांपैकी दोघांहून अधिक वहितीदारांच्या पदरात या योजनेने काहीही पडलेले नाही, आणि हे दोघे बहुतांशी कोरडवाहू आहेत. सौर पंप आले म्हणून प्रश्न सुटेल असेही नव्हे. कोळशाचा कार्बन जाईल, ही गोष्ट मोठी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु सूर्य उगवला की पंप सुरू, बिलाची धास्ती नाही, अशा स्थितीत भूजलाचा तळ लवकर दिसेल. पाण्याच्या वाटपाचा निर्णय ग्रामसभेच्या हाती न देता नुसता पंप बदलणे म्हणजे चोर बदलणे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीचा जो मार्ग काढला, वि. स. पागे यांनी ज्याचा पाठपुरावा केला आणि ज्यासाठी डाव्या पक्षांनी खेड्याखेड्यांतून मोर्चे काढले, तो येथे आठवतो. बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव ही कामे त्या वेळी पोटासाठी झाली. त्यांनी माती धरून ठेवली, ओल धरून ठेवली, आणि मातीबरोबर सेंद्रिय कर्बही धरून ठेवला. त्या वेळी त्याला कोणी क्रेडिट म्हटले नव्हते. मजुरी रोख मिळाली आणि बांध गावाच्या मालकीचा राहिला. आजच्या करारांत या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत: मोबदला मोजणीनंतर कधीतरी, आणि साठलेल्या कार्बनचा हक्क दुसऱ्याचा.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला असा पूर आला की नदीकाठची गावे दिवसेंदिवस पाण्यात राहिली आणि उभी पिके मातीसकट वाहून गेली. एका पुराचे खापर एकट्या तापमानवाढीवर फोडता येत नाही. पण हवा तापते तसा पाऊस अधिक लहरी होतो, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाही. तो लहरीपणा सोसणारा शेतकरी आणि तो निर्माण करणारा उद्योग यांच्यातला जमाखर्च अजून मांडलाच गेलेला नाही. सरकारने त्या वेळी ३१ हजार ६२८ कोटींची मदत जाहीर केली. खरवडून गेलेली माती त्या रकमेने परत येत नाही, आणि त्या मातीबरोबर गेलेला कर्ब कोणत्याही रकान्यात नोंदला गेलेला नाही.

कार्बनचे करारनामे गावात येतील तेव्हा ते बहुधा इंग्रजीत असतील आणि सहीसाठी घाई असेल. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी ते मराठीत, आणि सीमेलगतच्या गावांत कन्नडमध्येही, ग्रामसभेपुढे वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. करार किती वर्षांचा आहे, मुदतीत जमीन विकली किंवा दुष्काळात नांगरावी लागली तर दंड कोणाला, मोजणी कोण करणार, बटाईदाराचा हिस्सा किती, आणि विकत घेणारी कंपनी आपल्या कारखान्यातला धूर किती कमी करणार, हे पाच प्रश्न सहीच्या आधी विचारावेत. त्याच ग्रामसभेत ज्वारी व तुरीच्या हमीभावाने खरेदीसाठी तालुक्यात केंद्र उघडण्याचा ठरावही मांडावा. पेरणी ऑक्टोबरात होते. ठराव त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचला पाहिजे.